सरव्यावरची काशी

आईची नजर अधू होत चालली आहे, हे घरात सगळ्यांत आधी शेळ्यांमुळे कळलं.

मी अंबाजोगाईला एका महाविद्यालयात लेखापाल आहे. धाकटा भाऊ घाटनांदूरला घरची चार एकर शेती आणि पंचवीस-तीस शेळ्या-मेंढ्या सांभाळतो. आई त्याच्याकडे राहते. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिची बरीच वर्षं मेंढरांमागे रानोमाळ फिरण्यात गेली. कळप मोजायची तिची एक रीत होती. संध्याकाळी जनावरं आत शिरली की ती गोठ्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि मान डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायची. बोट उचलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. मग म्हणायची, "बरोबर हायेत," नाहीतर, "एक कमी हाय." आकडे मोजण्यावर माझं पोट चालतं, पण असं मोजणं मला कधी साधलं नाही.

एका संध्याकाळी ती "बरोबर हायेत" म्हणाली आणि दोन करडं ओढ्यातच राहिली होती. आठच दिवसांत पुन्हा तसंच झालं. भावाचा फोन आला, "दादा, मायला दवाखान्यात दाखवावं लागतंय. ती चुकत न्हाई, आन् आता चुकायलीय."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर बरीच गेली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. उरलेली जमेल तितकी टिकवायची, त्यासाठी रोज थेंब. आईला ते एखाद्या नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं आणि ती नळी बारीक होत जाणार होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काही बघायची इच्छा असेल, तर फार लांबवू नका."

इच्छा एकच होती आणि ती आम्हा दोघा भावांना लहानपणापासून माहीत होती. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. आई म्हणायची, "सिंदफणा बगितली, मांजरा बगितली, बिंदुसरा बगितली, गोदेवर तर मेंढरं न्हाऊ घातली. काशीची गंगा तेवढी डोळ्यांनी बगायची ऱ्हायली." देवदर्शनाचं ती फारसं बोलत नसे. तिला नदी बघायची होती.

रेल्वेनं काशी म्हणजे दीड-दोन दिवसांचा प्रवास, आणि तिच्या गुडघ्यांना तो झेपणार नव्हता. हैदराबादेहून विमान होतं. पण विमानाच्या तिकिटाची गोष्ट काढली की ती विषयच मिटवायची. "नातवाची फी भर आदी. माज्या काशीला पगार घालायचा न्हाई."

त्याच सुमारास ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिथल्या मुलीनं मला प्रवासाचं क्रेडिट कार्ड घ्यायला सुचवलं. मी माहितीपत्रक घरी आणलं आणि दोन दिवस बारीक अक्षरांसकट वाचलं. शंभर रुपये खर्चाला चार पॉइंट. हैदराबाद ते काशी एका माणसाचं जाणं-येणं साधारण चोवीस हजार पॉइंटांना. कार्ड घेतल्याचे सुरुवातीला चार हजार पॉइंट. वार्षिक फी होती, पण ठरावीक खर्च झाला तर माफ. माझ्या घरचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार धरला तर महिन्याला हजार पॉइंट होत होते. आई आणि सोबतीला एक माणूस, अशा दोन तिकिटांना जवळपास चार वर्षं लागली असती. आईच्या डोळ्यांकडे चार वर्षं नव्हती.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की घरातल्या माणसांच्या नावानं जोडकार्ड मिळतं. नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, सज्ञान मुलं. फी नाही. त्यांनी केलेल्या खर्चाचे पॉइंट मुख्य कार्डाला मिळतात आणि बिल भरायची जबाबदारीही मुख्य कार्डवाल्याचीच. मी दोन अर्ज भरले, एक बायकोच्या नावाचा आणि एक भावाच्या.

बायकोनं कार्ड उलटसुलट करून बघितलं. "म्हंजे मी भाजी घेतली की तुमच्या फोनला कळणार?"

"कळणार. मेसेज येतो."

"वा. तुमचा हिशेब तुमच्या खिशात, अन् माझा पण तुमच्याच खिशात."

मी म्हणालो, "आईच्या काशीसाठी आहे." ती म्हणाली, "मग सांगायचं की आदी," आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

भावाचं कार्ड घेऊन मी घाटनांदूरला गेलो. घरात नवी वस्तू आली म्हणून आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन बसली होती. मी कार्डाची पाठ वर केली आणि म्हणालो, "इकडं लाव. पुढं ती सोनेरी टिकली आहे, तिला ओलं लागायला नको." तिनं बोटानं चाचपून पाठीवर कुंकू लावलं आणि विचारलं, "आन् ही बँक इमानाचं तिकीट फुकट कावून दील?"

मी जमेल तसं सांगितलं. आपण खर्च तर करतोच. दुकानदाराकडून बँकेला थोडं सुटतं. त्यातलं चिमूटभर ती आपल्याला परत देते, म्हणजे आपण तिचंच कार्ड वापरत राहावं.

तिनं कार्ड ताटात ठेवलं. मग म्हणाली, "मंजी सरवा."

पीक काढून नेल्यावर वावरात जी कणसं, ज्या शेंगा पडून राहतात, त्या वेचायच्या याला आमच्याकडे सरवा म्हणतात. मालकाचं काही कमी होत नाही आणि वेचणाऱ्याची ओटी भरते. मी इतका वेळ जे सांगत होतो ते तिनं एका शब्दात बसवलं होतं.

"सरवा आसंल तर येते," ती म्हणाली. "काशी दुसऱ्याच्या पैशानं घडत न्हाई. पन सरवा आपल्या कष्टाचा आसतो, वाकावं लागतंय त्याला."

भावाला मी तीन गोष्टी बजावल्या. पिन कुणाला सांगायचा नाही. कार्ड हातातून सोडायचं नाही. आणि जेवढा खर्च करशील तेवढे पैसे बिल यायच्या आत माझ्या खात्यात भरायचे. चौथी गोष्ट बजावायला हवी होती, पण ती मला सुचलीच नाही. कुणाला सुचली असती असंही वाटत नाही.

दिवाळीआधी कार्डं सुरू झाली. भाऊ शब्दाचा पक्का. सरकी पेंड, डिझेल, किराणा, जे कार्डावर घेई त्याचे पैसे वेळेत माझ्या खात्यात येत. त्याच्या खर्चाचे महिन्याला सहाशे पॉइंट धरून मी पुन्हा हिशेब मांडला. उन्हाळा संपेपर्यंत सगळं त्या हिशेबाप्रमाणे चाललं. मृगाच्या तोंडाला सतरा हजार सहाशे झाले होते.

मग जूनमध्ये एका सकाळी मी कार्यालयात बसलो असताना फोन वाजू लागला. मेसेज खताच्या दुकानाचे होते. एक आला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात झाले. कार्ड चोरीला गेलं असं वाटून मी भावाला फोन लावला. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

"कार्ड कुठं आहे?"

"हे काय, हातात. दादा, सावड केली."

सावड म्हणजे काय हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, मिळून जोडी करायची आणि दोघांची पेरणी उरकायची. आमच्या गल्लीत फवारणीचा पंपही सावडीत फिरतो. भावानं कार्डाची सावड केली होती. खत घेताना आधारसाठी ज्याचा त्याचा अंगठा लागतो, तो ज्याचा त्यानं दिला. पैसे मात्र आमच्या कार्डावर, आणि तेवढे रोख भावाच्या हातात.

"रोख हातात पडल्याबिगर मी कार्ड खिशातून काढलं न्हाई," तो अभिमानानं म्हणाला. "आन् मी न्हाई कुनाला म्हनलो. शेजारचाच म्हनला, तुझ्या मायनं माज्या पोरीच्या बाळंतपनात दोन महिने शेळीचं दूध घातलं, खत तर मला घ्यायचंच हाय बे, काढ तुझं कार्ड. मंग समदेच म्हनले. म्हातारी काशीला जाती म्हनल्यावर कोन न्हाई म्हनन?"

पुढच्या दहा दिवसांत दीड लाखाचं खत त्या कार्डावर निघालं. सहा हजार पॉइंट. पैशाचा रुपयाही कमी पडला नाही. एक तिकीट जवळजवळ हातात आलं होतं, आणि खताचा दुसरा हप्ता, मग रब्बी, असं धरलं तर दुसरंही लांब नव्हतं. तरी मला ते रुचत नव्हतं. मी माहितीपत्रक काढून पुन्हा वाचलं. कार्ड फक्त कार्डधारकाच्या स्वतःच्या आणि घरच्या खरेदीसाठी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी भावाला आणखी कुणाचं खत घेऊ नको म्हणून सांगितलं. तो नाराज झाला, पण थांबला.

जुलैमध्ये बँकेचा फोन आला. बोलणारी बाई नम्र होती. "सर, आपल्या जोडकार्डावर एकाच दुकानात बरेच व्यवहार दिसतात. ही खरेदी आपल्या घरची आहे का, एवढं लेखी कळवा. तोपर्यंत ते पॉइंट थांबवलेत."

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं.

"घरचंच खत म्हणून लिहा," ती म्हणाली. "आपल्याला शेती आहे. खोटं कुठं आहे?"

"चार एकरांत दीड लाखाचं खत टाकलं तर पीक जळून जाईल."

"बँकेतल्या बाईला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना."

तिचं चूक होतं असं मला त्या वेळीही वाटलं नाही. एका ओळीचा प्रश्न होता आणि त्या ओळीच्या पलीकडे आईचे डोळे होते. पण माझं काम दुसऱ्यांची बिलं तपासायचं. न झालेला प्रवास झाला असं लिहिलेलं बिल मी गेली वीस-बावीस वर्षं परत पाठवत आलो आहे. मी लिहिलं की खरेदी शेजाऱ्यांची आहे, पैसे त्यांनी रोख दिले आहेत, यात कुणी नफा घेतलेला नाही आणि नियम लक्षात आल्यावर आम्ही हे थांबवलं आहे. दुसऱ्या दिवशी ते पाठवलं.

बँकेनं ते सहा हजार पॉइंट काढून घेतले. भावाचं जोडकार्ड बंद केलं. घरच्या खरेदीचे सतरा हजार सहाशे राहू दिले, आणि पुन्हा असं झालं तर मुख्य कार्डही बंद होईल असं कळवलं.

त्या रविवारी मी घाटनांदूरला गेलो. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. भाऊ ओसरीवर शेळीचे खूर कापत बसला होता. मी सगळं सांगेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाला, "तुला कुनी इचारलं व्हतं खरं सांगाय?"

"बँकेनं विचारलं होतं."

"बँक तुझी माय हाय का?"

शेळीनं पाय ओढून घेतला. त्यानं तो पुन्हा धरला नाही. "हिकडं मानसं मायसाठी खत घेतेत, आन् तू अंबाजोगाईला बसून चार ओळी लिहितो. तुझ्या चार ओळीत तिची काशी गेली, दादा."

आई आत खाटेवर मान मागे टाकून बसली होती. भावजय तिच्या डोळ्यांत थेंब घालत होती. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून ठेवायचे असतात. डोळे तसेच मिटून तिनं आतूनच विचारलं, "वावर कुनाचं?"

भावानं माझ्याकडे बघितलं.

"इचारते ना, वावर कुनाचं? बँकेचं. मालक म्हनला, सरव्याला घरचीच मानसं आना, गाव आनू नका. मंग न्हाई आनायचं. येवढंच की."

"आन् तुझी काशी?" भाऊ म्हणाला.

"काशी काय पळून चाललीय? डोळे चाललेत. ते त्येंच्या चालीनं चालतेत, तुमच्या भांडनानं थांबायचे न्हाईत."

थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, "आता गल्लीत काय सांगू?"

"सांग, पोचलं म्हनून. त्येंनी दिलं ते मला पोचलं."

भाऊ महिना-दीड महिना माझ्याशी कामापुरतंच बोलला. गणपतीत गेलो तेव्हाही "आलास का" एवढंच. मी त्याला दोष दिला नाही. महिन्याला पुन्हा हजारच पॉइंट होत होते आणि जुलैपासून धरलं तर एका तिकिटालाही साडेसहा महिने लागणार होते.

दिवाळीनंतर आईच्या नजरेची पुन्हा तपासणी झाली. त्यात एक कागद देतात. जिथं दिसत नाही तिथं काळं. आधीच्या कागदाशेजारी मी नवा ठेवून बघितला. काळं वाढलं होतं. थेंब चुकले नव्हते, तरी वाढलं होतं. मी आईला म्हणालो, "उरलेले पैसे मी घालतो, या महिन्यात जाऊ." ती म्हणाली, "बोलनं एकदाच झालंय." तिला काय दिसत नाही हे दाखवणारा कागद माझ्या खिशात होता आणि ती माझ्या आवाजाच्या दिशेनं, माझ्या थोडंसं डावीकडे बघत होती.

जानेवारीच्या शेवटी चोवीस हजार झाले. एक तिकीट. आईचं त्यातून निघालं, जसं ठरलं होतं तसं, सरव्यावर. प्रश्न सोबतीचा होता. दुसरं तिकीट पैशानं काढायचं म्हटल्यावर ती पुन्हा अडून बसली. तेव्हा बायको तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्याबाई, ते तिकीट मी माझ्या नावच्या कार्डावर काढते. यांना विचारायचं नाही अन् तुम्ही पण मला नाही म्हणायचं नाही. सुनेची हौस आहे."

आई हसली. "ल्येकाला न्हाई म्हनता येतं. सुनेला कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझ्या फोनवर मेसेज आला. जोडकार्डावर तिकिटाचा खर्च. मी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

त्या तिकिटावर जायचं होतं भावानं. तसं मी ठरवलं होतं. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी? तुला इंग्रजी येतं, तू जा." मी म्हणालो, "तिला उचलून पायऱ्या उतरवायला इंग्रजी लागत नाही." भावजयीला एकटीला जनावरं आवरणार नव्हती, म्हणून मी चार दिवस रजा टाकली आणि घाटनांदूरला येऊन राहिलो.

निघायच्या दिवशी गल्लीतली माणसं आली. ज्यांनी खत घेतलं होतं ती सगळी आली, न घेतलेलीही आली. प्रत्येकानं गंगेत सोडायला एकेक नाणं दिलं. आईनं ती सगळी फडक्याच्या एका टोकाला बांधली. कुणाचं कुठलं हे वेगळं ठेवलं नाही. शेजारचा भावाला म्हणाला, "लेका, इमानात झोपू नको बे, मायला खिडकीकडं बसीव." बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. हैदराबादेकडे जाणारी रेल्वे आमच्या स्टेशनावर थांबते. आई भावाच्या खांद्यावर हात ठेवून डब्यात चढली आणि दारात वळून, जिथं मी नव्हतो तिथं बघून म्हणाली, "सांजच्याला शेळ्या मोजून घे."

दोन दिवसांनी संध्याकाळी मी गोठ्याच्या तोंडाशी उभा होतो. शेळ्या आत शिरल्या होत्या आणि एका जागी थांबत नव्हत्या. बोट दाखवून मोजलं तेव्हा सत्तावीस झाल्या. पुन्हा मोजलं तर अठ्ठावीस. तेवढ्यात फोन वाजला. भावाचा चेहरा पडद्यावर आला. मागे माणसांचा आणि पाण्याचा आवाज होता.

"दादा, घाटावर हाव. बघ."

त्यानं फोन फिरवला, पण नदीकडे नाही. त्याला वाटलं असावं की मला आईच बघायची आहे. पडद्यावर फक्त आईचा चेहरा होता. डोक्यावरून शाल, केस ओले, गालावर पाण्याचे थेंब. "नदी दाखव" असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

आईची मान डावीकडे वळलेली होती. ती हळूहळू उजवीकडे येऊ लागली. मेंढरांवरून फिरायची त्याच्या कितीतरी पट हळू. मध्येच थांबायची, थोडी मागे जायची, सुटलेला भाग घ्यायची आणि पुन्हा पुढे निघायची. त्या बारीक नळीतून ती नदी तुकड्यातुकड्यानं आत घेत होती. मान पार उजव्या टोकाला जाऊन थांबली.

"बरोबर हाय," आई म्हणाली.

मग भावानं तिला सांगितलं असावं की दादा फोनवर आहे. तिनं चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला.

"शेळ्या मोजल्या का रं?"

"मोजतोय," मी म्हणालो.